धनाजीच्या नावाला दिलेली ओ

ज्यांना असल्या गोष्टी पटत नाहीत त्यांनी इथंच थांबावं. पण हे घडलेलं आहे. आणि जिच्या बाबतीत घडलं, ती आजही भोंगवलीत राहते.

रात्र नव्हती. अमावास्या नव्हती. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली लख्ख दुपार होती, अडीच वाजले होते. जागा म्हणजे वेल्ह्याच्या वर, डोंगराच्या सोंडेवर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं.

वर्षाराणी पुण्यात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. विषय ऐकला की गावातली माणसं दोनदा विचारायची. संगीत तंत्रज्ञान. म्हणजे आवाज टिपायचे, कॉम्प्युटरवर कापायचे, एकावर एक चढवायचे आणि त्यातून नवीन संगीत उभं करायचं.

वर्गात तिच्या भागातला एकच जण होता. धनाजी. वेल्ह्याकडच्या धनगरवस्तीवरचा. दोघांच्या तोंडून 'लई' निघालं की बाकीची पोरं हसायची. मग हे दोघं मुद्दाम मोठ्यानं बोलायचे. त्याचं सॉफ्टवेअर अडलं की ती शिकवायची, तिचे जड स्पीकर तो तीन जिने चढवून आणायचा. ती त्याला राखी बांधायची. दिवाळीला तिच्या वडिलांनी, सर्जेरावांनी, त्याला शर्ट घेतला होता.

एकच गोष्ट विचित्र होती. धनाजी कानावरचा हेडफोन कधी काढायचा नाही. झोपतानासुद्धा.

शेवटच्या परीक्षेच्या रचनेसाठी वर्षाराणीला लांब घुमणारी जागा हवी होती. अशा जागेत फुगा फोडायचा आणि त्याचा घुमारा टिपून घ्यायचा. मग कॉम्प्युटरवर कुठलाही आवाज त्याच जागेत घुमल्यासारखा करता येतो.

"आमच्या वस्तीच्या वर टाकं हाय," धनाजी म्हणाला. "तसला घुमारा दुसरीकडं कुठं मिळायचा न्हाई."

वस्तीवर त्याची आत्या होती, ठकुबाई. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेलं. तिनं दोघांना ताक दिलं.

"कुठं चाललाय रं?"

"वर. टाक्याला."

ठकुबाईचा हात तांब्यावरच थांबला. तिनं वर्षाराणीकडं पाहिलं. मग धनाजीकडं...

"आत्ये, गप की," तो हळूच म्हणाला.

ती आत निघून गेली. ते निघाले तेव्हाही बाहेर आली नाही.

वर सगळीकडं शेरडं चरत होती. पण टाक्यापासून वीसेक पावलांवर सगळी थांबलेली. त्या वीस पावलांच्या आतलं गवत कमरेइतकं उंच... एकाही शेरडानं तोंड न लावलेलं.

धनाजीनं एक रेकॉर्डर टाक्याच्या तोंडाशी ठेवला. दुसरा तिच्या हातात दिला.

"तू आत बस. मी हितनं बघतो."

आत खांबांच्या मागं थोडी कोरडी जागा होती. पुढं काळं पाणी.

तिनं फुगा फोडला. घुमारा लांबत लांबत गेला... आणि विरला. तिला हवा होता अगदी तसाच.

"आता मी माझ्याच नावानं हाक मारतो," बाहेरून धनाजी ओरडला. "तू आतनं ओ दे. आवाज किती येतोय बघू."

"तुझ्या नावाला मी ओ देऊ?" ती हसली.

"दे की. काय जातंय तुझं?"

तिनं हेडफोन चढवला. वाट पाहिली.

आधी पाखरं गप्प झाली.

मग शेरडांच्या गळ्यातल्या घंटा...

मग तिच्या कानाशी, अगदी जवळ...

"धनाऽऽ..."

आवाज बारीक होता. बाईमाणसाचा. तिला वाटलं, पोरगं नाटकं करतंय.

"ओऽ!" ती म्हणाली.

घुमारा आलाच नाही. फुग्याचा आवाज जिथं एवढा लांबला होता, तिथं तिची ओ कुणीतरी वरच्यावर झेलून घेतल्यासारखी संपली.

ती बाहेर आली. धनाजी तिथं नव्हता. पार खाली, शेरडांच्याही पलीकडं, एका दगडावर बसला होता.

"दिलीस ओ?"

"व्हय की."

"नक्की?"

त्यानं हेडफोन काढून पिशवीत टाकला. परतताना एसटीत तिच्या खांद्यावर डोकं टेकून तो पुण्यापर्यंत झोपला. लहान पोरासारखा.

तीन दिवसांनी वर्षाराणी कॉलेजच्या स्टुडिओत रेकॉर्डिंग ऐकायला बसली.

आधी तिच्या हातातल्या रेकॉर्डरचं. फुगा. पाखरं. पाखरं गप्प. तिचा श्वास... आणि तिची ओ.

त्याआधी हाक नव्हतीच.

तिनं दुसरा रेकॉर्डर लावला, टाक्याच्या तोंडाशी ठेवलेला. 'काय जातंय तुझं' इथपर्यंत सगळं नीट होतं. मग पावलं जवळ आली. कुणीतरी वाकल्याची सळसळ. आणि अगदी दबक्या आवाजात धनाजी बोलला...

"बाई, ही वर्षाराणी हाय. भोंगवलीच्या सर्जेरावांची पोर. माझ्या नावाला आता ही ओ देईल. हिला धर. मला सोड."

मग पळत दूर जाणारी पावलं.

तिनं ते तीनदा ऐकलं. हाकेपेक्षाही तिच्या काळजाला लागलं ते एवढंच, की त्यानं वडिलांचं नाव घेतलं होतं. आदरानं. सर्जेरावांची पोर.

तिनं त्याला गाठून विचारलं, तेव्हा धनाजी खोटं बोलला नाही.

"ल्हान व्हतो तवा टाक्यापाशी एका हाकेला ओ दिली, वर्षे. तवापासनं हाक येतीया. रोज. कोण हाय ते मला बी ठावं न्हाई."

"मग मीच का?"

त्यानं मान खाली घातली.

"दुसरं कोण आलं असतं माझ्यासंगं?"

तिनं ठकुबाईला फोन केला.

"म्या त्याला न्हाई म्हणलं व्हतं, पोरी. पण भाचा हाय गं माझा."

वर्षाराणीनं फोन ठेवला.

आठवडाभरात हाका सुरू झाल्या.

आधी आईच्या आवाजात. ती सुट्टीला घरी आलेली, तेव्हा मागच्या दारातून, "वर्षेऽ..." आई, मंगल, त्या वेळी भोरच्या बाजाराला गेली होती.

मग वडिलांच्या.

वर्षाराणी पुण्याला परत न जाता घरीच राहिली. कुणीही हाक मारली तरी ओ देईना. आईला काही हवं असलं की आई जवळ येऊन खांद्याला हात लावायची. शेजारीपाजारी म्हणायला लागले, शिकून पोरगी बहिरी झाली.

एप्रिलमध्ये आवाज बदलला. आता धनाजी हाक मारायचा. "वर्षे, माफ कर गं... एकदा बोल तरी..."

तिनं त्याला फोन करून विचारलं. त्यानं शपथ घेतली, तो पुण्यात होता, त्यानं हाक मारली नव्हती. त्याच्या शपथेचं तिनं काय करायचं होतं?

मे महिन्यात एका सकाळी, दहाच्या सुमाराला, रस्त्यावरून पुन्हा तोच आवाज आला.

"वर्षे! ए वर्षे! भाईर ये. लई महत्त्वाचं हाय."

ती जागची हलली नाही.

"वर्षे, तुझ्या पाया पडतो. ती हाक परत माझ्याकडं आलीया. नुसती ओ दे..."

तिनं गुडघ्यांत डोकं घातलं, दोन्ही कान घट्ट दाबले. आवाज फुटला, घोगरा झाला, मग थांबला.

दुपारी शेजारची चंद्राबाई आली आणि खांद्याला हात लावून म्हणाली, "अगं, त्यो तुझ्या कॉलेजचा पोरगा अर्धा तास उन्हात हुबा व्हता की. रडत व्हता. ओ तरी द्यायचीस."

त्यानंतर धनाजी कुणालाच दिसला नाही.

पुण्यात त्याच्या खोलीत कपडे होते, पुस्तकं होती. मोबाईल उशीखाली. पोलिसांत कळवलं. टाक्यातही शोधून झालं. काही सापडलं नाही.

आठ दिवसांनी ठकुबाई भोंगवलीला आली. अंगणातच खाली बसली.

"धना तुझ्याकडं आल्ता का गं? कुणी म्हणतं, आल्ता. हाक मारली का त्यानं तुला?"

वर्षाराणीनं तिच्याकडं पाहिलं. म्हातारीचे पाय अनवाणी होते, डोळे सुजलेले.

"न्हाई," ती म्हणाली.

त्या सकाळपासून वर्षाराणीला एकही हाक आलेली नाही. आईच्या आवाजात नाही, वडिलांच्या नाही, धनाजीच्याही नाही. तिला रात्री शांत झोप लागते.

ठकुबाई मात्र अजून महिन्या-दोन महिन्यांनी येते. अंगणात बसते. तोच प्रश्न विचारते...

आणि वर्षाराणी दर वेळी तेच उत्तर देते.