बर्फावरची खुर्ची

पहिल्या भेटीतच हिल्के मारलीसच्या खुर्चीवर टपला होता.

नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या फ्रीसलंड प्रांतातला गोठलेला कालवा, जानेवारीतलं कोवळं ऊन... आणि दक्षिणेकडून मैत्रिणीच्या घरी आलेली, जन्मात कधी स्केट्स न घातलेली मारलीस. तिकडे नवशिके स्वयंपाकघरातली खुर्ची बर्फावरून ढकलत तोल सांभाळायला शिकतात. तेवीस वर्षांची मारलीस तशीच खुर्चीला बिलगून चालली होती. एवढ्यात एक उंच तरुण, हात पाठीमागे बांधून, तिच्याभोवती ऐटीत गिरकी मारून समोर उभा राहिला.

"या खुर्चीशी लग्न ठरलंय का तुझं?"

"हो. तुझ्यापेक्षा बरी आहे. बडबड तरी करत नाही."

"सोड तिला."

"पडेन मी."

"सोड... मी आहे."

तिने सोडली आणि अर्थातच पडली, त्याला घेऊनच. मग बर्फाकाठच्या टपरीवर दोघांनी वाटाण्याचं गरम सूप प्यायलं. तो अखंड बोलत होता आणि ती हसत होती. वसंत ऋतू येईतो ती सामानसुमान घेऊन उत्तरेला राहायला आली.

याला एकोणतीस वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी, पावाला लोणी लावता लावता हिल्केच्या हातातून सुरी गळून पडली. पक्षाघाताचा झटका मोठा होता. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं गेलं. त्याला समजत सगळं होतं, पण शब्द जिभेपर्यंत येऊन अडायचे. मारलीसने कंबर कसली. त्याची आंघोळ, शर्टाची बटणं, पायाचे व्यायाम... कशातच तिने कसूर केली नाही. काठी टेकत, तिच्या आधाराने तो चालू लागला. एकेक शब्दही परतू लागला.

पण एक खोड तिला लागली. तो "क..." म्हणायचा अवकाश, ही "कॉफी?" म्हणून मोकळी. त्याला हवा असायचा कंगवा, तरी तो मान डोलवायचा. मग हळूहळू त्याने तोंड उघडणंच सोडलं.

वाचा-उपचारासाठी येणारी अन्के स्पष्ट बोलणारी होती. "मारलीस, तू छान बोलतेस," ती दोघांसमोरच म्हणाली, "पण मला तुझ्या नवऱ्याचं ऐकायचंय. त्याने तोंड उघडलं की मनात दहापर्यंत मोज."

मारलीसच्या हे फार जिव्हारी लागलं. स्वयंपाकघरात जाऊन ती रडली, कारण अन्के खरं बोलत होती. ज्या वात्रट बडबडीवर ती भाळली होती, ती आता कायमची गेली तर? हा माणूस जन्मभर शेजारी बसून नुसती मान डोलवत राहिला तर? या एकाच गोष्टीची तिला भीती वाटायची. आणि चारपर्यंत मोजलं की तिची जीभ सुटायचीच.

या फेब्रुवारीत कित्येक वर्षांनी कालवा गोठला. दोन दिवस हिल्के खिडकीतून बाहेर बघत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने डाव्या हाताने स्वयंपाकघरातल्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बसायचंय?"

त्याने ठामपणे नकारार्थी मान हलवली. मारलीसने ओठ घट्ट मिटले आणि मोजायला लागली. नऊवर आली तेव्हा तो म्हणाला, "ब... बर्फ."

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना कळलं असतं तर त्यांनी दोघांना फैलावर घेतलं असतं. मारलीसने पाय घसरू नयेत म्हणून त्याच्या बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधले, उजव्या हाताचं एकेक बोट खुर्चीच्या पाठीवर बसवलं आणि मागून त्याच्या कमरेचा पट्टा धरला. दोघं इंचाइंचाने निघाले. जाणारे-येणारे नुसती मान लववून, जणू काही विशेष नाहीच अशा थाटात पुढे जात होते.

थोड्या वेळाने हिल्के थांबला. त्याचे ओठ हलले. थंडी वाजते? दमलास? घरी जायचं?... सगळे प्रश्न मारलीसच्या ओठांवर आले होते. तिने ते गिळले. एक... दोन... दहा होऊन गेले. अकरा...

"सोड," हिल्के म्हणाला.

"पडशील."

ती पुन्हा मोजू लागली.

"सोड... तू... आहेस."

मारलीसच्या डोळ्यांत पाणी तरारलं. तिने पट्ट्यावरची बोटं एकेक करून सोडली. खुर्चीचे पाय खरखरले. एक पाऊल, दुसरं... सात पावलं तो एकटा चालला, आणि ती मागे हात पसरून, श्वास रोखून.

मग तो थांबला. त्याने खुर्चीकडे पाहिलं, मान वळवून बायकोकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडाचा डावा कोपरा वर गेला.

"ही... बरी," तो म्हणाला. "बड... बड... नाही."

मारलीस हसली, रडली, आणि कितीतरी महिन्यांनी त्याच्याशी भांडली.

"मग तिच्याशीच कर लग्न."

हिल्केने तोंड उघडलं. शब्द कुठेतरी अडला होता. मारलीस वाट पाहत उभी राहिली. या वेळी तिने आकडे मोजले नाहीत.