लेफ्ट टॅकल आणि आम्ही दोघं

एमिल गिड्री पहिल्यांदा माझ्याशी बोलला, तेव्हा त्याच्या हातात कचऱ्याची काळी पिशवी होती.

ऑक्टोबरातला पाऊस... तिरपा, गार, थांबायचं नाव न घेणारा. सेंट ओडाइल कॉलेजच्या सरावाच्या मैदानाला छप्पर नव्हतं. उघड्या पायऱ्यांवर एकटी बसून मी किंड्रेल मॅप नावाच्या मुलाची पावलं टिपत होते. वही भिजून शाई फुटली होती, अर्ध्या ओळींचे निळे डाग झाले होते. तेवढ्यात ही पिशवी नाकासमोर आली. तळाला डोक्यासाठी एक भोक, बाजूंना हातांसाठी दोन.

"घाला," तो म्हणाला. "आमच्याकडे पाहुण्यांना एवढंच मिळतं."

"मापाची आहे का?"

"तुम्ही सगळ्यांची मापं काढत फिरता. म्हटलं, आज तुमचं कुणीतरी काढावं."

मी पिशवी डोक्यातून घातली. त्याने मान तिरकी करून अगदी गंभीरपणे मला न्याहाळलं, "शोभते" म्हणाला, आणि कमरेला लटकवलेली पट्ट्यांची भेंडोळी सावरत चिखलातून मैदानाकडे पळाला. मी हसत बसले, आणि किंड्रेलचा पुढचा डाव बघायचा राहून गेला. नऊ वर्षांच्या नोकरीत माझ्या नजरेतून सुटलेला तो पहिलाच डाव.

नोकरी स्काउटची. उत्तरेतल्या एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल संघासाठी मी ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत दक्षिणेतली कॉलेजं पालथी घालायची. कोण किती चपळ, कोण मार खाऊन पुन्हा उभा राहतो, कोण हरताना आळशी होतो, हे सगळं लिहायचं. एप्रिलमध्ये ड्राफ्ट होतो, सगळे संघ आपापल्या क्रमाने पोरं निवडतात, आणि माझ्यासारख्यांच्या ओळींवर त्या पोरांची आयुष्यं ठरतात. माझे वडील ओहायोतल्या एका शाळेचे कोच होते. इतर मुली बाहुल्या खेळायच्या त्या वयात मी त्यांच्या मांडीवर बसून सामन्यांच्या फिल्म बघायची.

त्या वर्षी आमच्या संघाची गरज एकच होती, लेफ्ट टॅकल. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पाठीमागून जो मार येतो, तो स्वतःच्या अंगावर घेणारा गडी. आमच्या क्वार्टरबॅकला मागच्या हंगामात दोनदा मैदानावरून उचलून न्यावं लागलं होतं. निवडीत आमचा क्रमांक अकरावा होता, आणि तोवर किंड्रेल उरेल अशी आशा होती. साडेसहा फूट उंच, सव्वातीनशे पौंड वजन, आणि पावलं मात्र नाचणाऱ्याची. त्याची आई शाळेची बस चालवायची. कुणाशीही बोलताना तो आधी डोक्यावरची टोपी काढायचा.

एमिल तिथला फिजिओ. वय चौतीस, जन्म तिथलाच. आठवड्याला दोनशे घोटे बांधतो म्हणायचा. घोटा बघून तो पोराचं नाव सांगायचा, चेहरा बघून मात्र कधीकधी चुकायचा.

एका कॉलेजला हंगामात दोन फेऱ्या पुरतात. मी सहा मारल्या. आमचे प्रमुख लॉइड हार्टलंड यांनी फोनवर विचारलं, तेव्हा टॅकल नीट पारखायला हवा, असं मी सांगितलं. ते अर्धं खरं होतं.

पेट्रोल पंपावर गरम बुदँ मिळायचे, भात आणि मांस भरलेले सॉसेज, बोटं भाजणारे. ते विकत घेऊन आम्ही गाडीच्या बॉनेटवर टेकून खायचो. एका दुपारी बोटं चाटत त्याने विचारलं, माझ्याबद्दल लिहायची वेळ आली तर काय लिहाल?

"उंची बेताची," मी म्हणाले. "वेग नाही. बडबड जास्त. हात..."

"हातांचं काय?"

"हात चांगले आहेत."

त्याने बोटं पुसली. मग रस्त्याकडे बघत म्हणाला, "मग घ्याल?"

"आमच्या संघाला फिजिओ नकोय."

"संघाचं कोण विचारतंय?"

त्या दुपारी आमच्यातलं 'तुम्ही' गेलं.

कॉलेज संघाचे कोच ब्रूसार यांनी एमिलला सावध केलं होतं. स्काउट बाई प्रेमात पडत नसते, ती माहिती काढत असते, असं म्हणाले होते. एमिलने मला ते हसत सांगितलं आणि मीही हसले. तरी आम्ही एक नियम केला. त्याच्या घराच्या दारातून आत आलं की किंड्रेल मॅपचं नाव काढायचं नाही. तीन महिने आम्ही तो नियम पाळला. त्या घरात मी कधी नव्हते इतकी सुखात होते. तो पाय मांडीवर घेऊन माझे घोटे दाबायचा आणि म्हणायचा, हे दोन मात्र मी चेहऱ्यासकट ओळखतो.

नियम त्यानेच मोडला. जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी तो गम्बो, म्हणजे तिकडचा दाट रस्सा, करत होता. चुलीवर तेलात पीठ परतत होता, माझ्याकडे पाठ होती.

"हे मी टेसाला सांगतोय," तो म्हणाला. "स्काउटला नाही."

मी बरं म्हणाले.

मग त्याने सांगितलं. ऑगस्टपासून तीनदा जोराच्या टकरीनंतर किंड्रेलचे हात लुळे पडले होते. एका हाताला मुंग्या येणं या खेळात रोजचंच, पोरं हात झटकतात आणि पुन्हा उभी राहतात.

"दोन्ही हात, टेसा. दोन्ही एकदम. शेवटच्या वेळी पंधरा मिनिटं त्याला पाण्याची बाटली धरता येत नव्हती."

म्हणजे दुखणं खांद्यात नव्हतं, मानेच्या मणक्यात होतं. कोच ब्रूसार म्हणाले होते, कागदावर येता कामा नये. किंड्रेलही रडला होता, मिस्टर एमिल, एप्रिलपर्यंतच गप्प राहा म्हणाला होता. आणि एमिलने तिन्ही वेळा 'खांदा दुखावला' असं लिहून खाली सही केली होती. तेव्हापासून त्याला धड झोप नव्हती. सांगता सांगता पीठ करपलं. त्याने ते फेकलं, भांडं घासलं आणि पुन्हा पहिल्यापासून परतायला घेतलं. मी मागून जाऊन त्याला मिठी मारली. बराच वेळ आम्ही तसेच उभे होतो.

पाच आठवडे मी ते मनात ठेवलं. फिल्म बघताना प्रत्येक टकरीला माझे दात आवळले जायचे. किंड्रेल बावीस वर्षांचा होता. पुढच्या टकरीत तो मानेखाली कायमचा लुळा पडला तर? मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं की हे कुणीतरी बाहेर काढावं, असंच एमिललाही मनातून वाटत असणार. त्याला फोन मात्र केला नाही. रोज बोलत होतो आम्ही, पण हे सोडून.

फेब्रुवारीच्या शेवटच्या सोमवारी हार्टलंड यांच्या खोलीत मी सगळं सांगितलं. नाव घेतलं नाही, माहिती खात्रीची आहे एवढंच म्हणाले. मला वाटलं होतं, ते डॉक्टरांना बोलावतील, पोराच्या मानेचे फोटो काढायला लावतील. ते उठले, भिंतीवरच्या फळ्यावरून किंड्रेलच्या नावाची पट्टी काढली आणि खणात टाकली.

तपासणी कधी करायची, मी विचारलं.

"तपासणी केली की कागद होतो, आणि कागद फिरतो," ते म्हणाले. "आपल्या मागे बाराव्या नंबरवर कोण आहे, विसरलीस का?"

आमचे जुने वैरी होते. वर्षातून दोनदा आमच्याशी भिडणारे.

"त्यांना घेऊ दे की."

मी म्हणाले, तो पोरगा आयुष्यभर खुर्चीत बसेल. हार्टलंड वाईट माणूस नव्हते. त्यांना माझ्याच वयाची मुलगी होती, आणि ते माझ्याशी बोलायचेही तसेच, हळू आवाजात, समजावत.

"टेसा, आपण नाव पुकारलं की पोरगा आपला. तोवर तो आपला नसतो."

गुरुवारी मी सेंट ओडाइलला पोचले. एमिल मलमाच्या वासाने भरलेल्या त्याच्या खोलीत पट्ट्या गुंडाळत होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला... तो उजेड मला आजही आठवतो, कारण तो मीच विझवला. मी काय केलं ते सांगितलं, आणि माझ्या सांगण्याचं तिथे काय झालं तेही. आता तू स्वतः सही करून खरं कळवल्याशिवाय त्या पोराला कुणी तपासणार नाही, असंही सांगितलं.

तो पट्टी गुंडाळत राहिला. भेंडोळं पूर्ण झालं, तेव्हा त्याने एकच विचारलं.

"कधी सांगितलंस त्यांना?"

"सोमवारी."

"आज गुरुवार."

त्याने किंड्रेलला बोलावून घेतलं आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. बोळात मी अर्धा तास उभी होते. आतून आवाज येत नव्हता. मग दार उघडलं आणि किंड्रेल बाहेर आला. डोळे सुजले होते. मला बघून त्याने टोपी काढली.

"मिस टेसा," तो म्हणाला, "तुमच्या संघाला दुसरा टॅकल मिळेल ना?"

मिळेल, मी म्हणाले. तो टोपी हातातच ठेवून निघून गेला.

त्याच दुपारी एमिलने प्रत्येक संघाच्या डॉक्टरांना पत्र पाठवलं. काय घडलं होतं, आपण काय लपवलं होतं, सगळं स्वतःच्या नावाने. कोचचं नाव त्यात नव्हतं. विचारलं असतं तर म्हणाला असता की सही माझी होती.

मग ठरल्यासारखं सगळं झालं. किंड्रेलच्या मानेत मज्जारज्जूची वाट जन्मापासूनच अरुंद निघाली. डॉक्टरांनी त्याला हेल्मेटला हातही लावू नको म्हणून सांगितलं. एप्रिलमध्ये तीन दिवस, सात फेऱ्या, अडीचशेहून जास्त नावं पुकारली गेली, त्यात त्याचं नव्हतं. अकराव्या क्रमांकावर आम्ही दुसऱ्या कॉलेजचा एक टॅकल घेतला, चांगला निघाला. कोच ब्रूसार यांनी वर्तमानपत्राला सांगितलं की आपण फिजिओच्या नोंदींवर विश्वास ठेवून फसलो, आणि उन्हाळ्यात ते मोठ्या कॉलेजात गेले. एमिलची नोकरी गेली, परवाना गेला. गावाने त्याच्याशी बोलणं सोडलं. अर्ध्या गावाच्या मते त्याने दुखणं लपवून पोराला मारायलाच काढलं होतं, आणि उरलेल्या अर्ध्याच्या मते पोराचं भाग्य लिहिलं जात असताना नेमका तोंड उघडून बसला. किंड्रेलची आई रोज सकाळी बस घेऊन त्याच्या घरावरून जायची. पूर्वी हॉर्न वाजवायची.

मला जूनमध्ये बढती मिळाली. दक्षिणेतल्या सगळ्या स्काउटांची प्रमुख. इतर कुणाच्या आधी आपल्याला कळलं होतं, असं हार्टलंड बैठकीत म्हणाले, आणि सगळ्यांनी टेबलावर थाप मारली. मी बढती घेतली. नको म्हणायचं मनात आलं होतं, पण म्हणाले नाही.

एमिल माझे फोन उचलायचा नाही. जुलैत मी न सांगता गेले. दारासमोर ट्रक उभा होता आणि तो त्यात खोकी चढवत होता. किनाऱ्यावर भावाची कोळंबीची बोट होती, तिथे जाणार होता. उन्हाने रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं. मी एक खोकं उचललं. त्याने ते माझ्या हातातून घेतलं, हळूच, बोटांना बोट लागू न देता, आणि ट्रकमध्ये ठेवलं.

मी म्हणाले, मला तुझ्याकडून माफी नको. पोराचा जीव वाचला, एवढं तरी खरं मान.

"वाचला," तो म्हणाला. "त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. तू सांगितलंस ते बरोबरच केलंस."

"मग?"

त्याने शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं, पूर्वी बघायचा तसं, मान तिरकी करून.

"मला विचारायचं होतंस, टेसा. त्या रविवारनंतर कधीही. आपण लिहूया का, एवढंच विचारायचं होतंस. मी त्याचीच वाट बघत होतो. एकट्याने मला जमत नव्हतं... म्हणून तर तुला सांगितलं."

त्याने ट्रकची मागची फळी लावली, कडी नीट बसली की नाही ते दोनदा हलवून पाहिलं, आणि सांभाळून जा म्हणाला. ट्रक वळणापाशी गेला, इंडिकेटर लागला, वळला.

पाच आठवडे होते माझ्याकडे. फोन रोज हातात होता. मी विचारलं नाही, कारण तो नाही म्हणेल याची मला खात्री होती. माणूस कसा आहे, कुठल्या वेळी काय करेल, हे मी नऊ वर्षं लिहून देत आले होते, आणि माझं सहसा चुकत नाही, असं सगळे म्हणायचे.