अमोनिया ऐकणारं यंत्र

"घंटा मी बंद केली न्हवती, ताई! पोरगं माझ्या अंगाखांद्यावर वाढलंय की," म्हणत शीतगृहातला जुना गडी गुंडू खासगी गुप्तहेर क्रांतीच्या मंगळवार पेठेतल्या ऑफिसात मटकन बसला. उद्या पोलीस त्याला नेणार होते.

गडमुडशिंगीजवळच्या शीतगृहात थंडाव्यासाठी वापरला जाणारा अमोनिया गळून मालकाचा मुलगा ऋषभ गेला होता. करोनापासून त्याला वासच येत नसे, म्हणून तर वडिलांनी, शांतिनाथांनी, गॅस 'ऐकून' ओळखणारं यंत्र बसवलं. ऋषभ पडला तेव्हा ते गप्प होतं. गुंडूने त्याला दाराशी ओढून आणल्यावर मेलं बोंबलायला लागलं.

"यानं आधी बंद ठेवलं, मग घाबरून चालू केलं," क्रांती शीतगृहात पोचली तेव्हा शांतिनाथ म्हणाले.

"यंत्र ऐकतं म्हणजे काय वो?" क्रांतीचा मदतनीस बाळासो. त्याला सगळं दोनदा सांगावं लागे.

"दाराआडच्या नळीतून हवा ओढतं, तिच्यावर लेझरची उघडझाप करतं. अमोनिया असला तर तापतो, फुगतो, बारीक आवाज करतो. आतला माइक तो टिपतो," क्रांतीने समजावलं.

क्रांतीने नळीपाशी अमोनियाची बाटली उघडली. घंटा ठणाणा वाजली. यंत्राच्या नोंदीत ते कधीच बंद नव्हतं. मात्र महिनाभर रोज सकाळी आठला नळीतल्या हवेचा दमटपणा चढत होता, दहाला उतरत होता. अपघाताच्या दिवशी तो नऊ वाजून पाच मिनिटांनी उतरला, आणि त्याच मिनिटाला घंटा वाजली.

"तेव्हा दाराशी कोण होतं?"

"मी आन् चंदनाअक्का. पळत आल्या, ओल्या फडक्यानं पोराचं तोंड पुसत हुत्या."

"आईच ती," बाळासो हळहळला. क्रांती आसपास पाण्याचा नळ शोधत होती. नळ कुठेच नव्हता.

शीतगृहाला लागूनच मालकांचं घर. अक्का पिण्याचं पाणी गाळत होत्या. गाळायच्या फडक्याच्या मधोमध नळीएवढा गोल काळा डाग होता. क्रांतीने सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"घंटा कुणीच बंद केली नाही. अमोनिया पाण्यात पटकन विरघळतो. नळीच्या तोंडावर रोज आठला ओलं फडकं बांधलं जायचं, दहापर्यंत वाळायचं; त्या दिवशी नऊला ते ओलं होतं. गॅस त्यातच अडकला, यंत्राला नुसती दमट हवा मिळाली. तोंड पुसायला फडकं ओढून काढलं, तेव्हा कुठे त्याला ऐकू आलं. अक्का, पाणी गाळून झालं की तुम्ही..."

"चिलटं ओढून घ्यायची ती नळी," अक्का म्हणाल्या. "जीव जात्यात म्हणून बांधायची. ऋषभच म्हणाला हुता, आई, हे यंत्र ऐकतंय. ऐकणाऱ्याला फडक्यातनं बी ऐकू येतंय की!"

 हे कोडं आपण सोडवायलाच नको होतं, असं क्रांतीला वाटलं.

गुंडूने हात जोडले. "ताई, मीच बंद केलंतं म्हणून लिवा. जातो मी आत."

"न्हाय गुंडू, ते खोटं हुईल," अक्का म्हणाल्या.

अक्कांनी फडकं पिळलं, घडी घातली आणि क्रांतीच्या हातात दिलं. ते अजून ओलंच होतं.