छत्तीसचा आकडा

टोपलीत सात-आठ कॅमेरे एकमेकांच्या अंगावर पडले होते, आणि तिने नेमका ज्याला हात घातला त्यालाच पलीकडून आणखी एक हात लागला. हात पुरुषाचा होता. मनगटापासून कोपरापर्यंत नुसते ओरखडे... तिने आधी ओरखडे पाहिले, मग माणूस.

“मी आधी धरलाय,” ती म्हणाली.

“तुम्ही पट्टा धरलाय. कॅमेरा माझ्या हातात आहे.”

रविवारची सकाळ, जुन्या बाजाराचा कोपरा. मोडके पंखे, बिनकाट्यांची घड्याळं आणि त्यांच्या मधोमध ही टोपली. दुकानदाराने चहाच्या कपावरून दोघांकडे पाहिलं आणि आगीत तेल ओतलं. “त्यातला चालू तेवढा एकच आहे. बाकीचे शोभेचे.”

कॅमेरा म्हणजे तरी काय, काळ्या प्लास्टिकची डबी. पुढे सरकवायचं झाकण, वर एकच बटण, बॅटरीचं दार निसटू नये म्हणून त्याला रबरबँड. एकेकाळी कुणाच्या तरी घरून सहलीला जाणारा, मग कपाटाच्या वरच्या फळीवर विसरलेला आणि शेवटी मातीमोल भावाने इथे येऊन पडलेला. घासाघीस करायचीही लाज वाटावी अशी त्याची किंमत होती.

“तुम्हाला कशाला हवाय हो?” तिने पट्टा न सोडता विचारलं.

“आमच्या घरी असाच होता. बाबा बटण दाबायचे आणि मग आम्ही कित्येक दिवस धास्तावलेले... आपले डोळे मिटलेले तर आले नसतील? ती धास्ती परत हवी आहे. आणि तुम्हाला?”

“माझ्या फोनमध्ये हजारो फोटो आहेत. त्यातला एकही मी परत उघडून बघितलेला नाही.”

पट्टा तिच्याकडे, कॅमेरा त्याच्याकडे, आणि दुकानदार चहा संपवून दुसरा मागवण्याच्या बेतात.

“मग असं करू,” तो म्हणाला. “एक आठवडा तुमचा, एक माझा. रोल एकच. आणि धुऊन येईपर्यंत कुणी काय काढलं ते विचारायचं नाही, सांगायचं नाही.”

अनोळखी माणसाबरोबर भागीदारीत कॅमेरा घ्यायचा... ताई हे ऐकून काय म्हणेल ते तिला तिथे उभ्या उभ्या ऐकू येत होतं. तरी ती हो म्हणाली. का म्हणाली, हे तिला पुढे बरेच दिवस सांगता आलं नाही.

बाजाराच्या तोंडाशी एक फोटो स्टुडिओ होता. तिथल्या काकू अजूनही रोल धुवायच्या, आणि धुवायला रोल येत नाहीत म्हणून सगळ्या जगावर रुसलेल्या असायच्या. या दोघांना पाहून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी रोल बसवला, झाकण लावलं. आतलं यंत्र घुरघुरलं आणि मागच्या इवल्याशा खिडकीत एकचा आकडा उमटला.

“छत्तीस फोटो आहेत. जपून वापरा.”

“म्हणजे आमचा पहिल्या दिवसापासूनच छत्तीसचा आकडा,” तो म्हणाला.

काकू हसल्या. तिला हसायचं नव्हतं, पण हसू आलंच.

तो जनावरांचा डॉक्टर निघाला. ओरखडे मांजरांचे होते. ती डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढायची. हे कळताच त्याने तिचं नाव ‘तपासनीस’ ठेवून टाकलं, आणि ती त्याला नुसतं ‘डॉक्टर’ म्हणू लागली, तेही अशा सुरात की त्याच्या पदवीवर तिचा विश्वास नसावा.

पहिला आठवडा तिचा होता. छत्तीस फोटो, त्यातले अर्धे दुसऱ्याचे, म्हटल्यावर तिचं बोट बटणावर जायलाच धजेना. मग ती नुसती बघत राहिली. कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला की आजूबाजूचा सगळा गलबला बाहेर राहायचा आणि एकच काहीतरी आत उरायचं. पायऱ्यांवर वाळत टाकलेली छत्री. बसच्या काचेवर कुणीतरी बोटाने काढलेलं घर. ही रोजचीच गल्ली होती, रोजचाच दवाखाना, आणि आपण हे इतकी वर्षं पाहिलंच नव्हतं की काय, असं तिला वाटू लागलं.

गुरुवारी नवा चष्मा लावलेले एक आजोबा दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसले होते. घरी जायचं सोडून ते स्वतःच्या तळहाताकडे बघत होते. एकेक रेष, एकेक सुरकुती... जणू हात आजच मिळाला होता. तिने बटण दाबलं. खट्. घुर्र. बस्, एवढंच. बघायला काही नाही, दाखवायला काही नाही. आजोबा उठून गेले, बाकावरचं ऊनही सरकलं. पण त्या काळ्या डबीत, मिट्ट अंधारात, ते अजून तिथेच बसलेले होते. तिच्या अंगावर काटा आला. एवढ्याशा स्वस्त वस्तूला हे जमतं कसं?

रविवारी स्टुडिओच्या पायरीवर चहा पिताना तिने हे त्याला सांगून टाकलं.

“सांगायचं नाही ठरलं होतं, तपासनीस.”

“मग कान बंद करा, डॉक्टर.”

त्याने कान बंद केले नाहीत. उलट ती बोलत असताना त्याचा चहा पार गार होऊन गेला.

असे रविवार जात राहिले. कॅमेरा हातात आला की दोघंही आधी मागचा आकडा बघायचे.

“अख्ख्या आठवड्यात एकच?” तो विचारायचा.

“मनासारखं काही दिसलं नाही. तुम्ही तरी मागच्या आठवड्यात काय दिवे लावलेत?”

“माझे पेशंट हलतात हो. तुमचे कसे, समोर बसून अक्षरं वाचतात.”

खरं कारण दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. रोल संपला की रविवार संपणार होते. ताईच्या हे केव्हाच लक्षात आलं होतं. “कॅमेरा आहे की फिक्स्ड डिपॉझिट?” एका संध्याकाळी ती भाजी चिरता चिरता म्हणाली. त्यावर चिडून हिने तिचाच फोटो काढला. आधी एक बारीक दिवा लुकलुकला. ताईला वाटलं, झालं. तिने ओढूनताणून आणलेलं हसू टाकून दिलं, आणि तेवढ्यात खरा फ्लॅश उडाला.

काकूंना विचारलं तेव्हा उलगडा झाला. अंधारात डोळ्यांची बाहुली मोठी होते आणि फोटोत डोळे लाल येतात. म्हणून हा दिवा आधी लुकलुकतो, बाहुली आक्रसते, मग फ्लॅश. “लोकांना वाटतं फोटो निघाला. पोझ सोडतात, आणि नेमके तेव्हाच निघतात,” काकू म्हणाल्या. ती स्वतः दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बॅटरी मारून हेच करायची. एवढीशी डबी आपलंच काम करते, याचं तिला मोठं कौतुक वाटलं.

मग ती बातमी आली. दवाखान्याची दुसऱ्या शहरात नवी शाखा निघत होती आणि तिथला सगळा तपासणी विभाग तिच्या हाती द्यायचा होता. उत्तर येत्या नव्हे, त्यापुढच्या सोमवारी हवं होतं. हे काम मिळावं म्हणून तिने वर्षानुवर्षं मान मोडून मेहनत केली होती. आनंदाने उडी मारायची ती वेळ होती, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो रविवारचा.

त्या रविवारी पावसाची भुरभुर होती. दोघं पायरी सोडून स्टुडिओच्या आत, अंधाऱ्या कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते. तिने सांगितलं.

“अरे वा,” तो म्हणाला. “म्हणजे कॅमेरा आता अख्खा माझा.”

“एवढंच?”

“नाही, अभिनंदन राहिलं... अभिनंदन.”

इतके रविवार ती या थट्टेसाठी आठवडाभर थांबायची. आज तिला तीच नकोशी झाली. एक शब्द, एकच सरळ शब्द तिला हवा होता. ‘जाऊ नकोस’ नव्हे. तिला जायचं होतं. पण आपण गेल्यावर या माणसाचं काही हरवणार आहे की नुसता एक कॅमेरा सुटणार आहे, एवढं तरी कळायला नको? आणि हे विचारायचं तरी कसं, त्याने त्यावरही विनोद केला तर?

“शेवटचा उरलाय,” ती कॅमेरा उचलत म्हणाली. “तुमचाच काढते. संपवून टाकू.”

त्याने लगेच दोन्ही कान ओढले, डोळे तिरळे केले, जीभ बाहेर काढली. तिने खिडकीला डोळा लावला, पण खिडकीत सगळं पाणीच पाणी. गावभराच्या डोळ्यांचे नंबर काढणाऱ्या बाईला समोरचा माणूस दिसत नव्हता. तिने तसंच बटण दाबलं. बारीक दिवा लुकलुकला.

“झालं?” त्याने कान सोडले.

मग फ्लॅश उडाला. कॅमेरा घुरघुरायला लागला आणि घुरघुरतच राहिला. सगळा रोल मागे गुंडाळला जात होता. आवाज थांबला. तिने रोल काकूंच्या हातात दिला आणि चहा न घेताच ती निघाली.

पुढच्या रविवारी फोटो तयार होते. तो आला नव्हता. काकूंनी पाकीट तिच्यापुढे सरकवलं. “बघ तू. तो येईल.” ती पाकीट घेऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसली.

आजोबा होते. बाकावर, तळहात बघत, तसेच. ताई होती, हसू टाकून दिलेली, दमलेली आणि अतिशय सुंदर. रंग थोडे उडालेले, कडा काळवंडलेल्या, पण त्या ऊन-सावलीला एक ऊब होती. हाताला लागेल की काय असं वाटणारी. मग त्याचे फोटो. वजनकाट्यावर गंभीरपणे बसलेला पोपट. भूल उतरत असलेलं कुत्रं, जीभ बाहेर, आणि त्याच्या पंजावर कुणा म्हाताऱ्या बाईचा हात. एका गाईच्या ओल्या पापण्या. तो इतक्या मायेने बघतो हे तिला माहीत नव्हतं.

पण तिचा फोटो त्यांत कुठेच नव्हता. एकही नाही. तिने चोरून त्याचे तीन काढले होते, आणि आता ते बघताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग शेवटचा फोटो हाती आला.

कान सोडलेले होते, जीभ आत गेली होती. दिवा लुकलुकल्यावर, आता कुणी बघत नाही अशा समजुतीने, तो तिच्याकडे बघत होता. त्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. जिला अडवायचं नाही असं ठरवलंय तिच्याकडे बघणारा तो चेहरा होता... त्यात इतकं प्रेम होतं की तिने फोटो झटकन पालथा घातला. मग पुन्हा उचलला. त्या क्षणाचा उजेड त्याच्या तोंडावरून उडून त्या डबीत शिरला होता, आठवडाभर अंधारात बसला होता, आणि आता तो तिच्या हातात होता. कुणालाही तो खोडता येणार नव्हता.

दार वाजलं. तो धापा टाकत आत आला, बाहीवर कुत्र्याचे केस.

“माफ करा, एक कुत्री अडली होती. पिल्लं सगळी सुखरूप आहेत. मी मात्र...”

तिने फोटो पुढे धरला. त्याने बघितला. मग तो तिच्या शेजारी बाकावर बसला.

“हे केव्हा निघालं?” त्याने हळूच विचारलं.

“तुम्हाला वाटलं, झालं, तेव्हा.” ती म्हणाली. “माझा एकही का नाही काढलात?”

“काढला असता तर आधी काकूंनी बघितला असता. म्हटलं... काकूंच्या आधी तुला कळायला हवं.”

‘तुला’ म्हणून गेल्याचं त्याच्या बऱ्याच उशिरा ध्यानात आलं. काउंटरमागे काकू एक कोरी काच मन लावून पुसत होत्या.

“उद्या उत्तर द्यायचंय,” ती म्हणाली.

“हो म्हण. ते काम तुझंच आहे.”

“आणि?”

“तिथे कुत्री-मांजरं असतीलच ना?”

“असतील.”

“आजारीही पडत असतील...”

तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं. “हा विनोद आहे?”

“नाही,” तो म्हणाला. “मला तू हवी आहेस. हे विनोद करून सांगताच येईना, म्हणून तर सांगायचं राहिलं. तू आधी जा, बस्तान बसव. माझे इथले पेशंट दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवले की मी आलोच. चालेल तुला?”

तिने त्याचा ओरखड्यांनी भरलेला हात उचलून आपल्या मांडीवर घेतला, तळहात उलगडला आणि त्याच्यावर आपला हात ठेवला.

“ये,” ती म्हणाली. “लवकर ये.”