मुक्त पान

कुमुदताईंच्या मनगटाला चिकटवलेल्या तारा थेट त्यांच्या व्हायोलापर्यंत गेल्या होत्या. प्रयोगशाळेत एसी इतका, की बोटं आखडत होती.

"तुमचं वादन नकोय, ते रेकॉर्डिंगमध्येही मिळतं," डॉ. हेमांगी पेंडसे म्हणाल्या. "आम्हांला तुमची स्वभावप्रत हवी. समोर जे घडेल, त्यावर तुम्ही जे कराल, तेच ती करेल."

"माझ्या नवऱ्याला जन्मभरात उमगलं नाही ते?"

हा खटाटोप यानिना व्होल्स्का या पोलिश संगीतकर्तीच्या सिंफनीसाठी होता. तिच्यात एक पान मुक्त. तिथे कंडक्टर हात खाली घेतो. आपली ओळ कधी, कोणत्या लयीत वाजवायची, ते ज्याचं त्याने ठरवायचं. सगळ्यांचं वाजवून झाल्याशिवाय पान उलटायचं नाही. आजवरची यंत्रं इथेच अडखळली होती. प्रती अडखळल्या नाहीत, की जिवंत वाद्यवृंदाला कायमची रजा. प्रत द्यायचं करारातच होतं.

"आणि वाजवावंसंच वाटलं नाही तर?" चेलोवाल्या आन्तोनने विचारलं.

"तर तुमची प्रतही गप्प बसेल. आपण कोणाच्या जागी आलोय हेसुद्धा तिला ठाऊक असतं. त्याशिवाय स्वभाव पुरा कसा होणार?"

कँटीनमध्ये आन्तोन म्हणाला, "सोबत्यांना हाकलून मला त्या स्टेजवर बसवलं असतं, तर मी वाजवायचा गज उचलला नसता. तू गं, कुमुद?"

"हात झडो माझा!" कुमुदताईंनी टेबलावर थाप मारली. चहा सांडला. बाकीच्यांनीही तेच म्हटलं, पण सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच होता.

उद्घाटनाला जुन्या वादकांना फुकट पास मिळाले, शेवटची रांग. रिकाम्या खुर्च्यांवर ध्वनिक्षेपक मांडलेले. मुक्त पानाआधीचा भाग नेहमीच्या यंत्रांचा; तो सुरेख चालला होता. मुक्त पान आलं. कंडक्टरने हात खाली घेतले.

काहीच वाजलं नाही.

कोणी खोकलं. पेंडसेबाई उठून उभ्या राहिल्या. आन्तोनने अंधारात कुमुदताईंचा हात घट्ट धरला. "बघ, आपली माणसं!"

शांतता लांबत गेली. भरल्या सभागृहातली शांतता कुमुदताईंना कधीच सोसत नसे. घरी पाहुणे गप्प झाले, की त्या उगाच चहाचं विचारत.

तेवढ्यात एका व्हायोलाची ओळ उठली. एकटी, हळुवार, तिसऱ्या सुराआधी किंचित रेंगाळणारी. तसं रेंगाळणारं वाद्यवृंदात एकच माणूस होतं.

आन्तोनने हात सोडला.

ही प्रत चुकली, असं म्हणायला कुमुदताईंनी तोंड उघडलं आणि नजर मांडीवर गेली. पर्सच्या पट्ट्यावर त्यांची बोटं तीच ओळ वाजवत होती. प्रतीच्या किंचित पुढेच.