काचेवरचा थर

मोजणी यंत्राच्या प्रोबच्या, म्हणजे आत बुडवायच्या दांडीच्या, टोकाची काच करंगळीच्या नखाएवढी असते. तिच्यातून प्रकाश उकळत्या रेझिनमध्ये जातो आणि पडद्यावर एक रेघ हळूहळू उतरत येते. ती ठरल्या खुणेला टेकली, की रेणूंच्या साखळ्या हव्या तेवढ्या जुळल्या. लगेच गार करायचं. उशीर झाला, तर अख्खी बॅच रिअ‍ॅक्टरमध्येच थिजते.

कांजूरमार्गच्या कारखान्यात मी हे यंत्र बसवायला गेले होते. पहिल्याच बॅचला रेघ मध्येच थबकली.

“अजून वेळ आहे,” मी म्हणाले.

“मॅडम, ढवळणारी मोटर ऐका. कण्हतेय बिचारी.” शेजारचा शिफ्ट इंजिनीअर माझ्याकडे न बघताच बोलला आणि त्याने गार पाणी सोडलं.

बॅच वाचली. प्रोब काढून पाहिला, तर काचेवर पातळ थर चढलेला. यंत्र मघापासून तेवढाच वाचत होतं.

“वाट लागली असती...”

“लागली नाही ना? मग चहा घ्या.” तो हसला. प्रबुद्ध खिल्लारे.

त्यानंतर मी तपासणीला जात राहिले — गरजेपेक्षा जरा जास्तच. मॅडमची ऋता झाले.

“काच स्वच्छ आहे गं आज. कशाला आलीस?”

“खात्री करायला.”

“काचेची?”

मी पडद्याकडे बघत राहिले. कान मात्र तापले.

आता कारखाना गुजरातमधल्या दहेजला हलतोय. पुढच्या आठवड्यात प्रबुद्धही तिकडे निघेल. लग्नाचं त्याने कधीच विचारलंय. ‘घरी बोलते’ म्हणत मी वर्ष काढलं. तो बौद्ध. आमच्या मुलुंडच्या घरी जातीचा विषय कधी निघत नाही. लग्नाच्या वेळी तेवढा निघतो.

“बाबा नाहीच म्हणतील,” आजही मी त्याला म्हणाले.

“विचारलंस?”

“विचारायला कशाला हवं? इतकी वर्षं बघतेय त्यांना.”

“त्यांना, की स्वतःच्या भीतीला?” मग आवाज उतरवून म्हणाला, “मी थांबेन गं. पण कशासाठी, ते तरी कळू दे...”

मी फोन काढला.

“आत्ता नको. रागात नको.”

“रागात नाहीये मी.”

आईने उचलला. “येताना कोथिंबीर आण गं.”

“आणते. बाबा आहेत ना? स्पीकर लाव.”

बाबांचं खाकरणं ऐकू आलं.

“बाबा, मी प्रबुद्ध खिल्लारेशी लग्न करणार आहे. विचारत नाहीये... सांगतेय.”