लेकीच्या गाडीचा टायर

टायर नवेच दिसतायत म्हणतोस? दिसू दे की. मीही बोहल्यावर राजबिंडा दिसत होतो, विचार तुझ्या काकूला.

बस जरा. सूनबाई, तूही बस, पण मोटारीमागे जोडायच्या त्या घरगाडीला टेकू नकोस, तिच्यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही. उद्या पोरांना घेऊन निघणार ना? मग हे ऐका आणि निघा. मी जन्मभर थापा मारल्या, सख्ख्या सासऱ्याला त्याचीच म्हैस विकायला निघालो होतो. पण ही थाप नाही. ही माझ्या साडूची गोष्ट आहे.

साडू म्हणजे काकूच्या धाकट्या बहिणीचा नवरा. गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्याला त्याचं टायरचं दुकान. सगळे त्याला चकचक्या म्हणत. डबक्यातून काढलेल्या टायरला तो असं काळं पॉलिश चोळायचा की त्यात बघून भांग पाडावा.

आता ऐक, पुतण्या, हे तुझ्या कामाचं आहे. रोजच्या मोटारीचा टायर झिजून मरतो. घरगाडीचा टायर मरतो बसून. वर्षातून दोनदा फिरणार, बाकी दिवस उन्हात उभी. वरच्या खाचा कोऱ्या करकरीत, आतलं रबर मात्र वाळून पापड. म्हणून टायरच्या बगलेवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायरची जन्मपत्रिकाच ती. चकचक्या काय करायचा, मशीन घेऊन ते आकडेच घासून टाकायचा. वर पॉलिश. झाली म्हातारी नवरी.

“काका, असं कोणी करतं?”

असं न करणारे दोघं दाखव, मी मिशी उतरवतो.

तर एक नर्सबाई होत्या. नोकरी संपली, मागे-पुढे कोणी नाही. त्यांनी घरगाडी घेतली. आपली आपण चालवत गावोगाव फिरायचं, इतकंच मनात. बाई जन्मभर बाटलीवरची तारीख वाचून औषध देणाऱ्या. दुकानात आल्या आणि लागल्या विचारायला. भरलेल्या गाडीचं वजन हा टायर पेलेल का? हा घरगाडीचाच आहे ना, मोटारीचा तर नाही? रिमची भोकं माझ्या गाडीला जुळतात का? हवा किती? आणि शेवटी म्हणाल्या, “याच्यावर तारीख कुठाय?”

चकचक्या हसला. “बाई, टायर आहे हा, खोकल्याचं औषध नाही.”

“इथे घासलंय काहीतरी.”

“वाहतुकीत घासतं हो. माझ्या लेकीच्या गाडीला मी हाच बसवतो. लेकीची शपथ.”

ही शपथ त्याला पाठच होती. गिऱ्हाईक पाठ फिरवायला लागलं की लेक पुढे करायचा. पोरगी लग्न होऊन दूरच्या शहरात गेली, तरी दुकानात दिवसातून चार वेळा तिची शपथ सुटायची. एकुलती एक. तिला ठेच लागली तर हा लंगडायचा, इतका जीव. आणि तोंडाला मात्र लगाम नाही.

बाईंनी त्याच्या डोळ्यांत बघितलं. म्हणाल्या, “लेकीची शपथ म्हणजे मग झालंच.” बसवले टायर.

तिसऱ्या दिवशी पुलापलीकडच्या उतारावर एक टायर फुटला. घरगाडी झोकांडली आणि पुढच्या मोटारीला घेऊन दरीत. बाई जागच्या जागी गेल्या. लोक म्हणाले, बाईमाणूस, वेग आवरला नसेल. टायरच्या चिंध्यांकडे कोण बघतो? चकचक्याला बातमी कळली तेव्हा तो जेवत होता. त्याने जेवण पूर्ण केलं.

वर्ष गेलं. मंगळवारची रात्र होती, सव्वाअकराची वेळ, आभाळात चंद्र नाही. अंथरुणावर पडतो तोच याचा फोन वाजला. बाईचा आवाज, अगदी शांत. घरगाडीचा टायर बसलाय, पुलापलीकडे उभी आहे, येता का? रात्रीचं गिऱ्हाईक अडलेलं असतं, हा खूश. दुकान उघडलं. घरगाडीचा चांगला, नवा टायर समोरच टांगलेला. याने तो सोडला आणि मागच्या ढिगातला एक पॉलिशवाला रिमसकट उचलला. अंधारात कोण बघतंय?

पिकअप काढली. पूल ओलांडला. उतारावर घरगाडी उभी. शेजारी बाई, डोक्यावरून पदर, हातात टॉर्च. टॉर्चचा झोत चाकावर, त्यामुळे तोंड अंधारात. याने जॅक लावला, जुनं चाक काढलं. दुसरं चढवता चढवता याने विचारलं.

“एकट्याच निघालात?”

“नाही. आत पोरगी झोपलीय.”

“कोणाची?”

बाईंनी उलट विचारलं, “वजन पेलेल ना?”

“हत्ती बसवा.”

“घरगाडीचाच आहे?”

“अस्सल.”

“तारीख दिसत नाही.”

याचे हात जरा थांबले. पण जीभ… जिभेला सवय. “वाहतुकीत घासते हो. माझ्या लेकीच्या गाडीला हाच बसवतो. लेकीची शपथ.”

“मग झालंच,” बाई म्हणाल्या.

याने शेवटचा नट आवळला. उठला. पाना पुसत सहज पुढे बघितलं.

घरगाडीच्या पुढे मोटार नव्हती.

मोटारीला अडकवायचा पुढचा आकडा हवेत होता. खाली टेकू नाही, काही नाही. दोन चाकांची गाडी, आणि पाटासारखी सरळ उभी.

टॉर्चचा झोत हळूहळू वर गेला. चाकावरून दारावर. दारावरून खिडकीवर. खिडकीला पडदा नव्हता.

आत बाकावर याची लेक झोपली होती. कुशीवर. गालाखाली हात… लहानपणापासून झोपायची तशी.

याने हाक मारली. ती हलली नाही. दार ओढलं. दाराला मूठच नव्हती.

मागून आवाज आला. “निघू आता?”

आणि गाडी हलली. आवाज नाही. इंजिन नाही. नुसती उताराला लागली.

सूनबाई, माझा साडू आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला तो तेव्हा. गाडीमागे धावत. चप्पल सुटली, तरी धावत. “थांबवा… सडका आहे तो… बारा वर्षांचा टायर आहे… मी घासलाय… मीच घासलाय बाई… मला घ्या, तिला उतरवा…”

गाडी वळणाला लागली.

खिडकीत लेकीने डोळे उघडले. बापाकडे बघितलं.

मग… फट्.

बस. एवढाच आवाज. नंतर काही नाही. दरी नाही हलली, झुडूप नाही मोडलं. वळणावर जाऊन बघितलं तर रस्ता मोकळा. मागे फक्त याची पिकअप. जॅक नाही, बाई नाही.

याने तिथेच बसून जावयाला फोन लावला. तिसऱ्यांदा लागला.

“बाबा? एवढ्या रात्री?”

“ती कुठाय?”

“इथेच. झोपलीय की माझ्या शेजारी.”

“दिवा लाव.”

“अहो, काय झालंय?”

“दिवा लाव म्हणतो…”

खटका वाजला. पांघरूण ओढल्याचा आवाज आला.

“बाबा…”

“बोल.”

“श्वास चालू आहे तिचा. ठीक आहे ती. पण हिच्या पाठीवर… हे काय आहे?”

टायर गेला होता तिच्या पाठीवरून. तसा वळ. वीतभर रुंद, काळा, खाच न् खाच उमटलेली, कोऱ्या टायरची उमटते तशी. दुखत नाही. खुपत नाही. डॉक्टर झाले, साबण झाले, रॉकेलसुद्धा चोळून झालं. जात नाही.

साडूने दुकान बंद केलं. सगळा माल अंगणात जाळला, तीन दिवस गावाला खोकला. नर्सबाई गेल्या त्या जागी जाऊन उतारावर नाक घासून आला. मी टिंगल करणारा माणूस, पण त्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो होतो आणि हसलो नव्हतो.

नाही रे पुतण्या, टॉर्च घेऊन टायर मग बघ. आधी पुरतं ऐक. काकूने स्वतः पाहिलंय, भाचीच आहे तिची. आत जाऊन विचार हवं तर.

त्या पहिल्या वर्षी वळ कमरेपाशी होता. हल्ली पोरगी गळाबंद कपडे घालते.